ट्रॅकवर पहिल्यांदा जाताय? ब्रेक दाबायच्या आधी सोडायला शिका

मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या शेजारच्या सीटवर बसलं की पहिल्या दोन फेऱ्यांत एक गोष्ट हमखास दिसते. वळण जवळ आलं की तो ब्रेक दाबतो, वेग कमी होतो, आणि स्टिअरिंग फिरवायच्या नेमक्या क्षणी ब्रेकवरचा पाय झटकन उचलतो. त्यासरशी गाडीचं नाक वर येतं आणि पुढची चाकं हलकी होतात. त्या चाकांनी जमीन घट्ट धरायला हवी तेव्हाच ती सैल पडतात, आणि गाडी वळायचं सोडून बाहेरच्या कडेला निघते. मग तो स्टिअरिंग आणखी फिरवतो, गाडी तरीही ऐकत नाही, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागी, आल्यावर म्हणतो, ‘टायर बेकार आहेत.’

टायर बेकार नसतात. ब्रेक कसा दाबायचा हे सगळे विचारतात, कसा सोडायचा हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. माझ्या मते वळण घेण्याचं निम्मं कसब ब्रेक सोडण्यात आहे, म्हणून हा लेख त्या क्षणाभोवती लिहिला आहे.

आपल्याकडे मोठ्या गाड्यांचे नावाजलेले ट्रॅक महाराष्ट्रापासून दूर आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. पुण्या-मुंबईहून तिथे जायचं म्हणजे खर्च, रजा आणि लांबचा प्रवास. त्यामुळे तिथे मिळणारी प्रत्येक फेरी मोलाची असते आणि तयारी घरूनच करून जावी. आधी वडाळ्याला किंवा कोल्हापूरला कार्टिंग करून आलात तर फारच चांगलं. कार्टमध्ये वजन इकडून तिकडे कसं जातं ते थेट पाठीला कळतं.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. यातलं वळण घेण्याचं तंत्र ट्रॅकपुरतंच ठेवा. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, म्हणून रस्त्याची पूर्ण रुंदी वापरता येते. ताम्हिणीत किंवा कसाऱ्यात वळणाच्या पलीकडे एसटी असते, दूधवाला असतो, गुरं असतात. तिथे आपली बाजू सोडायची नाही.

आधी गाडी

नव्या माणसाने पहिल्या खेपेला इंजिनावर एक रुपयाही खर्च करू नये. ब्रेक ऑइल, पॅड आणि टायर, एवढंच पाहावं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि जसजसं जुनं होतं तसतसा त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकावं लागतं, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर आलेली चालते. शहरात वर्षानुवर्षं ही उणीव कळत नाही. ट्रॅकवर दहा मिनिटांत कळते.

मला ती चेन्नईत दुसऱ्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवर चालवायच्या दुसऱ्या पाळीला कळली. सरळ रस्ता संपत आला, पाय ब्रेकवर ठेवला आणि पेडल स्पंजावर पाय पडल्यासारखं खाली गेलं. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं तेव्हा थोडा जोर परत आला. तरी वळायचा प्रयत्न केला नाही. गाडी सरळच नेऊन ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत थांबवली. ते ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं. तेव्हापासून ट्रॅकवर जायच्या आठवड्यात नवं ऑइल भरून घेतो आणि पाइपमधली हवा समोर उभा राहून काढून घेतो.

पेडल नेहमीसारखं कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, असं झालं तर दुखणं वेगळं असतं. तेव्हा पॅड त्यांच्या कुवतीबाहेर तापलेले असतात. दोन्ही दुखण्यांवर तातडीचा उपाय एकच: वेग उतरवा, एक फेरी सावकाश मारा आणि पिटमध्ये या.

ब्रेकला किती काम पडतं याचा अंदाज हवा असेल तर हिशोब सोपा आहे. माणसासकट १२०० किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणली की जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढ्यात नळाचं तीन लिटर पाणी उकळेल. हे तीन सेकंदांत होतं, आणि प्रत्येक मोठ्या वळणाला होतं.

टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढी ठेवून सुरुवात करा. थंड टायरमध्ये ३२ असलेला आकडा टायर चांगले तापले की ३७-३८ वर जातो. सेशन संपल्याबरोबर, टायर गरम असतानाच मोजा आणि जास्तीची हवा काढा. घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नका.

गाडीतलं सुटं सामान सगळं बाहेर काढा. सीटखालची पाण्याची बाटली जोरात ब्रेक मारल्यावर घरंगळत पेडलखाली येते. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती असेल तर तोही अलगद काढून बॅगेत नीट ठेवा. चप्पल, सँडल, जाड तळव्याचे बूट नकोत. पेडलचा दाब तळव्याला जाणवला पाहिजे.

बसायची पद्धत

शहरात आपण आरामात मागे रेलून बसतो. ट्रॅकवर सीट पुढे घ्या. पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब केले तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय ताठ झाला तर जोर मिळेल, पण नाजूकपणे सोडणं जमणार नाही. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. डावा पाय काम नसताना क्लचवर नाही, बाजूच्या टेकणावर; वळणात शरीर त्याच्या आधाराने सावरायचं. स्टिअरिंगला लोंबकळून तोल सावरणाऱ्याला टायर काय सांगतोय ते हाताला कळत नाही.

डोळे

ताशी १६० ला गाडी एका सेकंदात ४४ मीटर जाते. अर्धा सेकंद विचारात गेला की २२ मीटर गेले. म्हणून नजर बॉनेटच्या पुढे नाही, पुढच्या कामाच्या जागी हवी. ब्रेक लावायच्या आधीच वळायची जागा दिसायला हवी. वळायला लागायच्या आधी मान फिरवून वळणाच्या आतली कड शोधायची. ती कड जवळ आली की नजर सोडून थेट बाहेर पडायच्या जागेकडे. मान खरोखर फिरवायची, नुसती बुबुळं नाही. नवख्यांची नजर बहुतेक वेळा पुढच्या गाडीच्या डिकीला चिकटलेली असते, आणि मग त्या गाडीची प्रत्येक चूक त्यांच्याही हातून होते.

पहिला धडा: सरळ रेषेतला ब्रेक

पहिलं सेशन ट्रॅक ओळखण्यात जाईल. दुसऱ्या सेशनमध्ये वेगाचा विचार बाजूला ठेवा आणि फक्त हेच करा.

रस्त्यावर आपण ब्रेक हळू सुरू करतो आणि थांबता थांबता जोर वाढवतो. ट्रॅकवर हे उलटं. सर्वांत जास्त जोर सुरुवातीला, कारण तेव्हा वेग सर्वांत जास्त असतो, आणि मग हळूहळू कमी. पण सुरुवातीला लाथ मारायची नाही. पहिल्या क्षणाला पाय पेडलला लावून वजन पुढे येऊ द्यायचं, आणि लगेच, पाव सेकंदाच्या आत, पूर्ण दाबायचं. पुढच्या टायरवर भार आला की तो जास्त पकड देतो. भार यायच्या आधी जोर दिला तर तो घसरू पाहतो.

नव्या गाड्यांत एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असतंच. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत, मागे कुणी नसताना, सरळ रस्त्यावर एबीएस लागेपर्यंत मुद्दाम दाबून बघा. पेडल पायाखाली थरथरेल, कर्रकर्र आवाज येईल. ही मर्यादा. नंतर तिच्या किंचित अलीकडे राहायला शिका. अनेकांनी आयुष्यात कधी ब्रेक पूर्ण दाबलेलाच नसतो. शेजारी बसून ‘अजून दाबा, अजून’ असं सांगावं लागतं, आणि एकदा दाबल्यावर गाडी एवढ्या लवकर थांबते हे पाहून त्यांचा चेहरा बदलतो.

अंतराचा अंदाज असा. चांगल्या रोड टायरवर, कोरड्या ट्रॅकवर १६० वरून ६० वर यायला साधारण ९५ मीटर लागतात. म्हणजे वळणाआधी लावलेल्या शंभराच्या पाटीशी सुरू केलं तर कागदावर जमतं. तुम्ही पहिल्या दिवशी दोनशेच्या पाटीपासून सुरू करा. दर दोन-तीन फेऱ्यांनी दहा-दहा मीटर पुढे सरका, आणि गाडी वळायच्या जागी अस्वस्थ वाटली की पुन्हा मागे या. लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. सरळ रस्त्यावर या फेरीला नेहमीपेक्षा जोरात आलात तर ब्रेकची जागाही मागे न्यायला हवी.

ब्रेकची खूण पक्की आणि न हलणारी निवडा. पाटी, डांबरावरचा पॅच, कर्बची म्हणजे ट्रॅकच्या रंगवलेल्या कडेची सुरुवात. सावली नको, ती दुपारपर्यंत सरकते.

आणि क्लच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला क्लच आणि ब्रेक एकदमच दाबायला शिकवतात. ही सवय इथे मोडावी लागते. क्लच दाबला की इंजिनाचा रोध जातो आणि गाडी मोकळी धावते. आधी ब्रेक, वेग बराच उतरल्यावर क्लच दाबून खालचा गिअर, क्लच सावकाश वर, आणि हे सगळं वळायच्या आधी पूर्ण. वळणात मध्येच क्लच सोडला तर इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना झटका बसतो. ब्रेकवर पाय असतानाच टाचेने रेस देऊन गिअर टाकायची पद्धत पुढे शिका. पहिल्या दिवशी तिच्या नादी लागलात तर ब्रेकवरचं लक्ष जाईल.

दुसरा धडा: ट्रॅकची रुंदी वापरा

वळणात तीन जागा असतात: वळायला सुरुवात करायची जागा, आतल्या कडेला सर्वांत जवळ जायची जागा म्हणजे एपेक्स, आणि बाहेर पडायची जागा. बाहेरच्या कडेने यायचं, आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत जाऊ द्यायचं.

याने किती फरक पडतो ते आकड्यांत पाहा. समजा काटकोनाचं वळण आहे आणि वापरता येईल अशी रुंदी दहा मीटर. तुम्ही मधोमध चालवलंत तर वर्तुळाची त्रिज्या समजा २६ मीटर येते. त्याच वळणात पूर्ण रुंदी वापरलीत तर ती ५५ मीटरपर्यंत जाते. टायर तोच, पकड तीच, पण पहिल्या मार्गावर गाडी ताशी ५५ च्या आसपास घसरायला लागेल आणि दुसऱ्यावर ८० च्या थोडं अलीकडे. बहुतेक नवखे मधोमध चालवतात, कारण कडेपासून लांब राहायची आपली सवय हाडात भिनलेली असते.

इथे आपल्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची एक गंमत आहे. उजव्या वळणात आतली कड तुमच्या दाराखालीच असते, नीट दिसते. डाव्या वळणात ती पलीकडच्या सीटच्याही पलीकडे, आणि मनाने आपण तिला असतो त्यापेक्षा जवळ समजतो. कर्बला टेकलो असं वाटतं तेव्हा मध्ये मीटरभर जागा मोकळी असते. पहिल्या सेशननंतर कुणाला तरी बाहेरून बघायला सांगा, किंवा डाव्या आरशात बघा कर्ब किती लांब आहे ते.

आता एपेक्स कुठे. भूमितीने येणारा मधला एपेक्स सोडून तो थोडा पुढे ढकला. म्हणजे वळायला थोडं उशिरा लागायचं, वेग थोडा जास्त उतरवायचा, आणि आतली कड वळणाचा मध्य ओलांडल्यावर गाठायची. यात दोन फायदे आहेत. एक, एपेक्सपासून पुढे मार्ग सरळ होत जातो, त्यामुळे रेस लवकर देता येते. दुसरा नवख्यासाठी मोठा आहे: अंदाज चुकला तर बाहेरच्या बाजूला जागा शिल्लक असते. लवकर आत शिरणाऱ्याची जागा बाहेर पडताना संपते, आणि पुढे गवत किंवा खडी.

बुद्ध सर्किटवरचं तिसरं वळण हे समजायला उत्तम आहे. दुसऱ्या वळणानंतर ट्रॅक चढत जातो आणि चढावरच हे घट्ट उजवं वळण येतं. त्याचं तोंड मुद्दाम रुंद ठेवलेलं आहे, त्यामुळे आत घुसायचा मोह होतो. पण त्यानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. त्या वळणात शिरताना किंचित वेळ वाचवलात आणि बाहेर पडताना पाच किलोमीटरने हळू निघालात, तर त्याची किंमत पुढच्या हजार मीटरभर मोजत राहाल. तिथे शिरताना धीर धरायचा, उशिरा वळायचं, गाडी सरळ होताच पूर्ण रेस. त्याच ट्रॅकवर दहावं आणि अकरावं मिळून एक लांबलचक उजवं वळण आहे. तिथे हा नियम तसाच लावता येत नाही; आत टेकून थोडं बाहेर जायचं आणि दुसऱ्यांदा आत यायचं. तात्पर्य, वळण सुटं बघू नका. त्याच्यानंतर काय येतंय त्यावरून ते कसं घ्यायचं ते ठरतं.

तिसरा धडा: ब्रेक सोडणं

ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्यांना ‘उलार’ शब्द माहीत असेल. भार मागे गेला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. मोटारीतही हेच होतं. रेस दिली की गाडी थोडी उलार होते, पुढची चाकं हलकी. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे. १२०० किलोची पुढून ओढणारी हॅचबॅक उभी असताना तिच्या पुढच्या चाकांवर साधारण साडेसातशे किलो असतात आणि मागच्यांवर साडेचारशे. जोरात ब्रेक दाबला की पुढे पावणेदहाशेपर्यंत जातात आणि मागे उरतात सव्वादोनशेच्या आसपास.

ब्रेक म्हणजे नुसतं वेग कमी करायचं साधन नाही. भार हवा तिथे नेऊन ठेवायचं ते साधन आहे. वळायला सुरुवात करताना पुढच्या चाकांवर थोडा जास्तीचा भार असला तर ती लगेच चावतात, नाक आत येतं. म्हणून ब्रेक वळणाआधी पूर्ण सोडून टाकायचा नाही. मुख्य ब्रेकिंग सरळ रेषेत उरकायचं, पण शेवटचा हलका दाब वळायला लागल्यावरही ठेवायचा, आणि स्टिअरिंग जसजसं वाढेल तसतसा तो कमी करत एपेक्सच्या आसपास शून्यावर आणायचा. तराजूसारखं: एका पारड्यात ब्रेक, दुसऱ्यात स्टिअरिंग. एक वर जाताना दुसरं खाली.

कारण टायरची पकड एकच असते आणि ब्रेक व वळण दोघांना तिच्यातूनच भागवायचं असतं. पण ही साधी वजाबाकी नाही. पकडीचे शंभर भाग धरले आणि त्यातले साठ वळण्यात गेले, तर ब्रेकसाठी चाळीस नाही, जवळजवळ ऐंशी उरतात. दोन्ही बळं एकमेकांना काटकोनात असतात, आणि काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियमच इथे लागू होतो. म्हणून दोन्ही कामं थोडी थोडी एकत्र करणं फायद्याचं ठरतं. मात्र पूर्ण ब्रेक आणि पूर्ण स्टिअरिंग एकत्र मागितलं तर टायर दोन्ही देणार नाही.

पायाने हे कसं करायचं? टाच जमिनीवर रोवलेली ठेवा आणि दाब घोट्यातून कमी करा. मांडीतून पाय उचलला तर तो एकदम उचलला जातो. मनात मोजा: दाबताना ‘एक’, सोडताना ‘एक… दोन… तीन’. सोडायला दाबण्याच्या तिप्पट वेळ, अशी सुरुवात करा. नंतर वळण बघून हा वेळ बदलता येतो. लांब वळणात सोडणं लांबवायचं, झटकन संपणाऱ्या वळणात आवरतं घ्यायचं.

याचा सराव ट्रॅकशिवाय रोज करता येतो, आणि कायदा न मोडता. सिग्नलला गाडी थांबवताना शेवटच्या दोन मीटरमध्ये ब्रेक असा सोडत न्या की थांबल्याचा झटका बसूच नये. शेजारी बसलेल्या माणसाची मान पुढे-मागे व्हायला नको. मी आईला शेजारी बसवून हा सराव केला आहे. तिच्या मांडीवर फुलांची परडी होती. घरापासून देवळापर्यंत आठ सिग्नल, एकही फूल पडू द्यायचं नाही. महिनाभर असं केल्यावर जो पाय तयार होतो तोच ट्रॅकवर कामाला येतो.

पहिल्या दिवशी मात्र हा धडा हळू वळणांवरच गिरवा, तोही नेहमीपेक्षा लवकर आणि हलका ब्रेक लावून. वेगवान वळणात तो चुकला तर मागच्या चाकांवर उरलेले सव्वादोनशे किलो गाडी धरून ठेवायला पुरत नाहीत.

गाडी घसरली तर

पुढची चाकं घसरली, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जातेय, तर स्टिअरिंग आणखी फिरवू नका. थोडं सोडा, रेस कमी करा, पुढे भार येऊ द्या, मग पुन्हा वळवा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या, त्यामुळे हे जास्त वेळा होईल. आणि बहुधा त्याचं कारण वळणात शिरतानाचा जास्तीचा वेग किंवा झटकन सोडलेला ब्रेक हेच असेल.

मागची चाकं घसरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वेगाने वळताना घाबरून रेसवरचा पाय एकदम काढणं. भार झपकन पुढे जातो, मागचा भाग हलका होऊन बाहेर फिरतो. ज्या बाजूला मागचा भाग चाललाय त्या बाजूला स्टिअरिंग द्या, नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, ब्रेक दाबू नका. आणि गाडी फिरलीच, आता सावरत नाही असं कळलं, की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि थांबेपर्यंत दाबून ठेवा. गाडी एका रेषेत घसरत जाते आणि मागून येणाऱ्यांना ती कुठे थांबेल याचा अंदाज येतो. दोन चाकं गवतात गेली तर लगेच ट्रॅकवर ओढू नका. सरळ चालवत वेग उतरवा, मग सावकाश वर या. ताबडतोब परत ओढायच्या नादात गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जाते.

झेंडे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये समजावतात, तिथे पुढच्या रांगेत बसा. पिवळा दिसला की पुढे धोका आहे. सावकाश आणि ओव्हरटेक नाही. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅकवर तेल किंवा पाणी. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सेशन थांबलं, वेग उतरवून पिटमध्ये. विमा पॉलिसीही आधी वाचा. शर्यत आणि वेगाच्या चाचण्या साधारणपणे विम्यातून वगळलेल्या असतात.

दिवस कसा आखायचा

पहिलं सेशन: ताकदीच्या सत्तर टक्के, फक्त मार्ग आणि खुणा. जमल्यास तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये सगळी फेरी, म्हणजे गिअरची कटकट नाही. दुसरं: सरळ रेषेतला ब्रेक. तिसरं: एक वळण निवडा, एकच, आणि तिथे ब्रेक सोडण्यावर लक्ष द्या. बाकीची वळणं सकाळसारखीच घ्या. चौथ्या सेशनपर्यंत उन्हाने आणि एकाग्रतेने माणूस थकतो, हात जड होतात, चुका वाढतात. चेन्नईच्या उकाड्यात तर तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, आणि दमल्यासारखं वाटलं तर ते सेशन सोडून द्या.

लॅप टायमर पहिल्या दिवशी लावू नका. वेळ दिसायला लागली की माणूस ब्रेक उशिरा लावून सेकंद कमवायला बघतो, आणि तिथे फार थोडं मिळतं.

प्रत्येक सेशनची शेवटची फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न वापरता मारा, म्हणजे वारा लागून डिस्क थंड होतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी आवळून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. बॉनेट उघडा. मग टायरपाशी उकिडवे बसून पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा बघा. कड खरवडून निघाली असेल, रबराच्या शेवया निघाल्या असतील, तर तुम्ही अजूनही ब्रेक फार लवकर सोडताय आणि घसरत्या चाकांना स्टिअरिंगने ओढताय. कुठल्या बाजूचा टायर जास्त झिजलाय त्यावरून कुठल्या वळणांत हे होतंय तेही कळतं, कारण उजव्या वळणात डावा टायर झिजतो आणि डाव्यात उजवा. हे वहीत लिहा, वळणाच्या नंबरासकट, आणि पुढच्या सेशनला त्याच वळणापासून सुरुवात करा.